राष्ट्रीय चर्चासत्राऐवजी पाच दिवसांची कार्यशाळा : एका अर्थशास्त्र विभागाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयातले आहे. ओळख पटू नये म्हणून जिल्हा, माणसे आणि अनुदान देणारी संस्था यांची नावे गाळली आहेत, काही बारीक तपशीलही बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते मात्र तसेच ठेवले आहे. कार्यशाळेतली काही सत्रे माझ्याकडे होती, त्यामुळे बरेचसे डोळ्यांदेखत घडलेले आहे. उरलेले समन्वयक मॅडमची टिपणवही आणि विभागाच्या बैठकांची इतिवृत्ते यांवरून घेतले आहे.

विभाग लहान. तीन पूर्णवेळ शिक्षक, दोघे तासिका तत्त्वावर, आणि विद्यापीठाची मान्यता असलेले पीएच.डी.चे संशोधन केंद्र. दर दोन-तीन वर्षांनी इथे एक राष्ट्रीय चर्चासत्र व्हायचे. त्याची रीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राध्यापकाला पाठ असेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, बीजभाषण, जेवण आणि जेवणानंतर तीन वर्गांत समांतर सत्रे. शंभरावर शोधनिबंध, प्रत्येकाला सात मिनिटे, पाचव्या मिनिटाला अध्यक्षांकडून चिठ्ठी. प्रश्नोत्तरांची वेळ आधीच्या सत्रांनी खाल्लेली. दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले की साडेचारला सभागृहात खुर्च्या आणि आयोजक उरायचे.

यात कुणाची नियत वाईट नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत निबंध सादर करण्याला किंवा साधनव्यक्ती म्हणून जाण्याला शिक्षकांच्या नेमणूक-पदोन्नतीत धरले जाणारे गुण आहेत. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. त्याआधी, २०१६च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन ठिकाणी निबंधवाचन बंधनकारक होते. ती अट २०२२च्या नियमांतून गेली, सवय गेली नाही. शिवाय अनुदानाचा पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत चर्चासत्रांची दाटी होते आणि तेच संशोधक तोच निबंध थोडा फिरवून तीन ठिकाणी वाचतात.

अडचण

‘ग्रामीण रोजगार आणि सार्वजनिक धोरण’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्राला मंजुरी आली, त्याच आठवड्यात केंद्रावर एका संशोधक विद्यार्थिनीचे प्रबंधपूर्व सादरीकरण झाले. विषय ग्रामीण स्त्रियांचा रोजगार. तिने पडद्यावर तक्ता दाखवला. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला. ही वाढ कुठल्या स्त्रियांची? स्वतःच्या शेतात राबणाऱ्यांची, मजुरीला जाणाऱ्यांची की पगारी? तिला सांगता येईना. तक्ता अहवालातून उतरवला होता. अहवालामागची मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून कुणालाही फुकट उतरवून घेता येते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिच्या मार्गदर्शकांनाही ते ऐकून माहीत होते, फाईल उघडून कुणी पाहिली नव्हती.

समन्वयक मॅडमनी त्या रात्री केंद्रावरचे सगळे प्रबंध-आराखडे पुन्हा वाचले. बहुतेकांत एकच साचा होता. एका तालुक्यातले शंभर-दोनशे उत्तरदाते, प्रश्नावली, टक्केवारी, काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी, ‘गृहीतक सिद्ध झाले’. देशातली सर्वांत मोठी सर्वेक्षणे यांतल्या कुणाच्याही कामात नव्हती. टिपणवहीत त्यांनी लिहिले आहे : “आपण या मुलांना आणखी एक व्यासपीठ देतो आहोत. त्यांना कुणीतरी शेजारी बसून शिकवायला हवं आहे.”

पण मंजुरी चर्चासत्राची होती, पत्रिकेचा मसुदा तयार होता आणि बीजभाषणाला एका ज्येष्ठांचा होकारही आलेला होता.

समोर असलेले पर्याय

विभागाच्या बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, आहे ते चर्चासत्र करायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तासांचे ‘डेटा प्रात्यक्षिक’ जोडायचे. प्राचार्यांचा कल इकडे होता, कारण कुणालाच दुखवावे लागत नव्हते. मॅडमनी यावर घेतलेली हरकत मला अगदी बिनतोड वाटते : दोन तासांत फाईल उघडतसुद्धा नाही.

दुसरी, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या धर्तीचा दहा दिवसांचा संशोधन पद्धती वर्ग. अभ्यासक्रम म्हणून हा पर्याय सर्वांत भक्कम. पण नव्याने प्रस्ताव, नवी मंजुरी म्हणजे वर्ष गेले. त्यातून तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना दहा दिवस म्हणजे तितक्या तासांचे पैसे बुडणार. अर्ज करू शकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण असेच होते.

तिसरी, सगळे ऑनलाइन. खर्च जवळपास शून्य. एका तरुण सहकाऱ्याने हे जोरात मांडले, आणि करोनाकाळातल्या वेबिनारांची आठवण काढून इतरांनी ते तितक्याच जोरात नाकारले. नाकारण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते. कुणाच्या लॅपटॉपवर काय अडले आहे हे खांद्यावरून वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चौथी, चर्चासत्र रद्द करून पाच दिवसांची बंदिस्त कार्यशाळा. तीसच्या आत माणसे, प्रत्येकाने स्वतःचा कच्चा निबंध किंवा प्रबंधाचे एक प्रकरण घेऊन यायचे. सकाळी आकडेवारी, दुपारी निबंध.

चौथ्याला विरोध झाला तो गुणांवरून. शंभर जणांना निबंधवाचनाचे प्रमाणपत्र मिळणार होते, ते आता तिसांना आणि तेही ‘सहभागा’चे. इथे एका सहकाऱ्याने नियमावली उघडून वाचली आणि बैठकीचा रंग पालटला. सहायक प्राध्यापकांच्या पहिल्या पदोन्नतीसाठी किमान एक आठवडा, म्हणजे पाच दिवस मुदतीच्या कार्यशाळा धरल्या जातात. चार दिवसांची धरली गेली नसती. कार्यशाळा पाच दिवसांची का झाली, याचे शैक्षणिक उत्तर नंतर सगळ्यांनी दिले. बैठकीत ठरले ते या कलमामुळे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. माणसे ज्या नियमांखाली नोकरी करतात, ते नियम वाचून कार्यक्रम आखला तर माणसे येतात.

बीजभाषणाचा प्रश्न उरला होता. मॅडमनी ज्येष्ठांना स्वतः फोन करून सगळी परिस्थिती सांगितली आणि विनंती बदलली. तीस मिनिटांच्या बीजभाषणाऐवजी एका संध्याकाळी गावासाठी खुले, दीड तासाचे एकच व्याख्यान. पुण्याच्या गोखले संस्थेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मृती व्याख्यान दिले, ते संघराज्य या एकाच प्रश्नावर होते आणि आजही पुस्तकरूपाने वाचले जाते. एका माणसाने एक प्रश्न शेवटापर्यंत न्यायचा, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली परंपरा आहे. ज्येष्ठांनी लगेच होकार दिला. त्यांनाही तीस मिनिटांचा कंटाळा आला असावा.

मंजुरी बदलून घेणे

यात महिना गेला. अनुदान देणाऱ्या संस्थेला पत्र लिहून उद्देश तोच, स्वरूप वेगळे असे कळवले. दोन स्मरणपत्रांनंतर परवानगी आली, पण स्मरणिका आणि छपाईचे खर्चशीर्ष वगळून. म्हणजे रक्कम घटली. मॅडमनी आग्रहाने एक गोष्ट केली : परवानगी फोनवर मिळालेली असताना लेखी पत्र हाती येईपर्यंत एक रुपयाही खर्च केला नाही. अनुदान कसे खर्च झाले याचे उपयोगिता प्रमाणपत्र देताना लेखापरीक्षकाने पहिला प्रश्न याच बदलाबद्दल विचारला.

नोंदणी शुल्क ठेवायचे नाही असे ठरले. त्याऐवजी पाचशे रुपये अनामत, पाचव्या दिवशी संध्याकाळी परत. फुकट म्हटले की निम्मे येत नाहीत आणि शुल्क लावले की प्रमाणपत्र विकत घेतल्याची भावना होते, या दोन्हींतून काढलेली ही वाट होती.

निवड

सव्वाशेच्या आसपास अर्ज आले. जागा अठ्ठावीस. अर्जासोबत दोन पानांचा मजकूर मागितला होता : तुमचा प्रश्न काय आहे आणि तो कुठल्या आकडेवारीने सुटेल असे वाटते? चाळणी सोपी झाली, कारण बऱ्याच जणांनी दोन पानांत विषयाचे महत्त्व लिहिले होते, प्रश्न लिहिलाच नव्हता.

यजमान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना किती जागा, यावर वाद झाला. शेवटी पाच. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडून दोन नावे आली, ती मॅडमनी त्याच निकषाने तपासली. एक निवडले गेले, एक नाही. न निवडलेल्याला प्राचार्यांनी स्वतः कळवले. हे काम समन्वयकावर टाकले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

बुधवार ते रविवार अशा तारखा घेतल्या, म्हणजे तासिकावाल्यांचे कमी तास बुडावेत. महिला संशोधकांची सोय वसतिगृहात होती. एकीचे बाळ आठ महिन्यांचे. तिच्या आईची सोयही त्याच खोलीत केली. खर्च नगण्य. पण तिने नंतर सांगितले की आधीच्या दोन कार्यशाळांना तिने याच कारणाने अर्जच केला नव्हता.

पहिले दोन दिवस

उद्घाटन पाऊण तासात आटोपले. त्यानंतरचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दिवशी संगणक उघडायचाच नाही. प्रत्येकाच्या हातात श्रमबल सर्वेक्षणाची कोरी अनुसूची, म्हणजे प्रश्नावली, दिली, जोड्या लावल्या आणि एकमेकांच्या घराची माहिती भरायला सांगितली. कामाची स्थिती नोंदवताना ठरावीक अंक असतात. स्वतःचा धंदा ११, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत २१, नियमित पगार ३१, इतर नैमित्तिक मजुरी ५१, फक्त घरकाम ९२, घरकामाबरोबर सरपण-चारा गोळा करणे किंवा शिवणटिपण असेल तर ९३.

एक विद्यार्थी आपल्या आईची माहिती देत होता. आधी त्याने ९२ सांगितले. जोडीदारीण म्हणाली, “अरे, आत्ता तूच म्हणालास ना की दोन म्हशी त्याच बघतात?” दूध डेअरीला जाते. मग २१. तो थबकला, आणि मग आसपासच्या चार जोड्यांनी आपापले ९२ पुन्हा तपासायला सुरुवात केली. २३.३पासून ४१.७पर्यंतच्या वाढीत खऱ्या कामाची वाढ किती आणि ९२चे २१ होण्याचा भाग किती, हा देशभरच्या अर्थतज्ज्ञांमधला वाद आहे. अठ्ठावीस जणांना तो पेन्सिल हातात असताना कळला.

दुसऱ्या दिवशी संगणक. ‘स्टाटा’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरचा परवाना परवडणारा नव्हता, म्हणून मोफत मिळणारे ‘आर’. प्रयोगशाळेतले इंटरनेट भरवशाचे नाही हे ओळखून ‘आर’ आणि लागणारी सगळी पॅकेजेस पेन ड्राइव्हवर आधीच घेतली होती. एका सहकाऱ्याने ‘एक्सेल’च का नको, असे विचारले होते. २०१७-१८च्या फाईलमध्ये ४,३३,३३९ व्यक्ती आहेत आणि ‘एक्सेल’मध्ये दहा लाखांवर ओळी मावतात, तेव्हा हरकत रास्त होती. पण नमुन्यातल्या प्रत्येक व्यक्तीला वजन देणारा गुणक लावून, गट पाडून तेच काम पुन्हा बिनचूक करता यावे आणि काय केले ते दुसऱ्याला दाखवता यावे, यासाठी लिहून ठेवलेली आज्ञावली लागते.

दिवसाचे उद्दिष्ट एकच होते. कच्च्या फाईलमधून निघून २३.३वर पोचायचे. फाईल म्हणजे आकड्यांच्या न तुटणाऱ्या ओळी. कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत वय, कुठे लिंग, कुठे स्थिती-अंक, हे वेगळ्या तक्त्यात पाहून ओळ कापायची. दुपारपर्यंत सगळ्यांचे आकडे निघाले आणि कुणाचाच जुळेना. अडले होते गुणकावर. नमुन्यातली एक व्यक्ती लोकसंख्येतल्या किती जणांचे प्रतिनिधित्व करते तो हा आकडा. फाईलमध्ये नमुना-घटकांच्या संख्येचे दोन स्तंभ असतात. ते सारखे असतील तर गुणकाला १००ने भागायचे, वेगळे असतील तर २००ने. वर्षाचा अंदाज काढताना तिमाहींच्या संख्येने पुन्हा भागायचे. हे सूचनापत्रात दोन ओळींत दिलेले आहे आणि ते वाचल्याशिवाय पुढे गेलेले सगळे तिथेच अडकतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, “मॅडम, आला!” मग ती उठून शेजारच्यांना दाखवायला गेली. जेवणाची घंटा झाली तरी कुणी हलेना.

दुसऱ्याचा निबंध मांडणे

दुपारच्या सत्रांची पद्धत ठरवताना मॅडमनी एक धाडस केले. लेखकाने स्वतःचा निबंध मांडायचाच नाही. दहा दिवस आधी सगळे निबंध सगळ्यांना पाठवले होते. ज्याच्या वाट्याला जो आला त्याने तो पंधरा मिनिटांत मांडायचा, दहा मिनिटे टीका करायची, लेखकाने तोवर ऐकायचे आणि मग उत्तर द्यायचे. आपला प्रश्न दुसऱ्याला कसा कळला हे ऐकताना अनेकांचे चेहरे पाहण्यासारखे होत. एकाचा निबंध मांडणारा प्रामाणिकपणे म्हणाला, “मी तीनदा वाचला, पण यात तुला विचारायचं काय आहे ते मला सापडलं नाही.” दुखावणारे वाक्य होते. पण त्याच लेखकाने पाचव्या दिवशी पहिले पान नव्याने लिहून आणले.

ताण आला तो मार्गदर्शकांमुळे. मार्गदर्शकांना बोलवायचे नाही असे ठरले होते, तरी एक ज्येष्ठ सर तिसऱ्या दिवशी सत्रात येऊन बसले. त्यांच्या विद्यार्थिनीच्या निबंधावर टीका सुरू झाली आणि तिच्याऐवजी तेच उत्तरे देऊ लागले. टीका करणारा तरुण गप्पच झाला. उद्या याच सरांकडे त्याचा प्रबंध तपासायला जाऊ शकतो. अध्यक्षस्थानी मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, “सर, दहा मिनिटं तिला बोलू द्या. मग आम्हा सगळ्यांना तुमचं ऐकायचंच आहे.” सर थांबले. ती अडखळत का होईना, बोलली. सरांना नंतर खरोखर दहा मिनिटे दिली आणि ते चांगले बोलले. पण त्या दुपारी नंतरच्या दोन सत्रांत टीका बोथट झाली, हेही नोंदवायला हवे.

तिसऱ्या दिवशीचा प्रश्न

त्याच दिवशी सकाळी मात्र असे काही घडले, जे वेळापत्रकात नव्हते. नमुना निवड शिकवली जात होती. गावातल्या घरांची यादी करायची, त्यातून कुटुंबे निवडायची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या व्याख्येत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस कुटुंबातच धरला जातो. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या एका गावचा विद्यार्थी उभा राहिला. त्याचे आईवडील त्या घडीला कोल्हापूरकडे एका साखर कारखान्याच्या फडात ऊसतोडणीला होते.

“सर, आमच्याकडं दिवाळी झाली की टोळ्या जातात, त्या पाडव्याच्या आगंमागं येतात. कुणाचे पाच महिने होतात, कुणाचे सहाच्या वर. कोयता म्हंजे नवराबायको दोघं. घराला कुलूप. सर्वेवाला जानेवारीत आला तर तो माहिती कुणाला विचारनार?”

सत्र घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की निवडलेले कुटुंब भेटले नाही तर त्याच्या जागी दुसरे घेतात. “मग ते दुसरं कुटुंब म्हंजे जे ऊस तोडायला गेलं नाही ते.”

वर्गात शांतता पसरली. पुढचा विषय बाजूला ठेवायचा की नाही, हे सत्र घेणाऱ्यांनी मॅडमकडे पाहून नजरेनेच विचारले आणि मॅडमनी मान हलवली. पुढचे दोन तास याच प्रश्नाला दिले. २००७-०८च्या ६४व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी अशी होती. १९९९-२०००च्या फेरीत खालची मर्यादा साठ दिवसांची होती. म्हणजे लांब हंगामातला तोडणी कामगार वरच्या टोकाला निसटतो. फडावर तो कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतो, तिथल्या गावच्या यादीत तो येईलच असे नाही. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, जोडीच्या नावावर, हिशेब टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे, आणि घरी राहिलेल्या सासऱ्याला सुनेचे काम विचारले तर तो “जोडीला जाती” म्हणणार. त्याला अंक कोणता द्यायचा, ५१ की २१? अठ्ठावीस जणांत सात-आठ जणांच्या नात्यात कुणी ना कुणी त्या हंगामात तोडणीवर होते. आकडेवारीच्या वर्गात त्यांचे ज्ञान पहिल्यांदाच पुरावा म्हणून ऐकले जात होते.

या दोन तासांमुळे प्रतिगमनाचे (रिग्रेशनचे) सत्र चौथ्या दिवशी ढकलले गेले, तिथे ते घाईत झाले आणि निम्म्यांना कळले नाही. तरीही निर्णय बरोबर होता, असे मला ठामपणे वाटते.

धोरणाची बाजू

चौथ्या दिवशी रोजगार हमीचे काम पाहिलेल्या एका अधिकाऱ्यांचे सत्र होते. स्थानिक वार्ताहरांना बसू द्यायचे का, हा प्रश्न होता. प्रसिद्धी हवी म्हणून संस्थेचा आग्रह होता. अधिकारी म्हणाले, वार्ताहर असतील तर मी परिपत्रक वाचून दाखवीन. सत्र बंद दाराआड झाले आणि त्यामुळेच उपयोगी ठरले. कामाची मागणी कागदावर कधी येते, हजेरीपट कधी निघतो, मजुरी का लांबते, हे त्यांनी तपशिलाने सांगितले. संशोधकांबद्दल त्यांची तक्रार नेमकी होती : तुम्ही निष्कर्ष तयार झाल्यावर येता, प्रश्न ठरवताना येत नाही.

वार्ताहरांसाठी संध्याकाळचे खुले व्याख्यान होते. विषय महाराष्ट्राची रोजगार हमी : १९७२चा दुष्काळ, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा पाठपुरावा, १९७७चा कायदा. व्याख्यात्यांनी सभागृहातल्या पगारदारांना आपली वेतनचिठ्ठी आठवायला सांगितली. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर १९७५च्या कायद्याने आला, तो याच योजनेच्या निधीसाठी. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, ही त्यामागची व्यवस्था. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांपैकीही अनेकांना ही सांगड ठाऊक नव्हती. प्रश्नोत्तरे दीड तासाच्या पुढे गेली.

परिणाम

सव्वीस जण शेवटपर्यंत थांबले. दोघे घरच्या अडचणीने गेले, त्यांची अनामतही परत केली.

सहा महिन्यांनंतर सुधारलेला निबंध पाठवणारे निम्म्याहून कमी होते. दरमहा ऑनलाइन भेटायचे ठरले होते, त्या बैठका तिसऱ्या महिन्यानंतर बंद पडल्या. परीक्षा, निवडणुकीची कामे, तासिकावाल्यांची नवी नेमणूक, कारणे खरीच होती.

जे टिकले तेही सांगायला हवे. प्रबंधपूर्व सादरीकरणात अडलेल्या विद्यार्थिनीने राज्याचा स्त्री-श्रमसहभाग स्थिती-अंकांनुसार स्वतः काढला आणि आपले तिसरे प्रकरण बदलले. बालाघाटच्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा आराखडाच नव्याने मांडला. दसऱ्याच्या आधी गावात घरांची यादी, जानेवारीत त्याच कुटुंबांचा फडावर शोध, परतल्यावर पुन्हा भेट. त्याचे मार्गदर्शक सुरुवातीला तयार नव्हते; खर्च आणि वेळ पाहता त्यांची काळजी समजण्यासारखी होती. शेवटी गावांची संख्या कमी करून मान्यता मिळाली. केंद्रावरच्या दोन शिक्षकांनी स्वतः ‘आर’ शिकायला घेतले आहे.

विभागात नाराजी राहिली. पुस्तक निघाले नाही, फलकावर लावायला शंभर जणांचा फोटो नाही. अनुदानाचा दुसरा हप्ता येईपर्यंत भोजनाचे बिल थकले आणि ते काही काळ प्राचार्यांनी संस्थेच्या निधीतून भागवले.

वेगळे काय करता आले असते

मार्गदर्शकांना पूर्ण बाहेर ठेवणे हा निर्णय अर्धाच बरोबर होता. निबंधसत्रांत ते नकोत, हे तिसऱ्या दिवशी दिसलेच. पण विद्यार्थी परत जाऊन ज्यांच्या संमतीने काम करणार, त्यांना काय शिकवले गेले याची कल्पना नसेल तर नवा आराखडा त्यांच्या टेबलावर अडतो. मार्गदर्शकांसाठी शेवटच्या दिवशी अर्धा दिवस, तोही फाईल उघडून दाखवणारा, ठेवायला हवा होता.

पाठपुरावा सदिच्छेवर सोडला. अंदाजपत्रकात छपाईचे शीर्ष कापले गेले, तेव्हाच त्या जागी तीन महिन्यांनंतरच्या एक दिवसाच्या भेटीचा प्रवासखर्च मागता आला असता. अनुदान देणाऱ्यांनी तो दिला असता की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नव्हते. विचारले गेले नाही.

प्रतिगमन वगळायला हवे होते. पाच दिवसांत फाईल वाचणे, गुणक लावणे, नीट तक्ता करणे आणि प्रश्न टोकदार करणे एवढे पुरे आहे.

तारखांचाही विचार व्हायला हवा. ग्रामीण मजुरीवरची कार्यशाळा डिसेंबरात घेतली, म्हणजे आसपासच्या गावांतले मजूर नेमके नसताना. क्षेत्रभेट करायची असती तर कुलपेच दिसली असती. तीही पाहण्यासारखी आहेत, पण माणसांशी बोलायचे असेल तर सप्टेंबर हवा. सप्टेंबरात अनुदानाचे पैसे हातात नसतात, ही अडचण संस्थेच्या निधीतून आगाऊ रक्कम घेतल्याखेरीज सुटणारी नाही.

आणि एक नवी गोष्ट. जानेवारी २०२५पासून श्रमबल सर्वेक्षणाची रचना बदलली आहे. आता ग्रामीण भागातही निवडलेल्या कुटुंबाला सलग चार महिने चार भेटी दिल्या जातात. ऑक्टोबरात पहिली भेट झालेल्या तोडणी कामगाराच्या घरी डिसेंबरात कोण भेटेल, आणि त्याची नोंद कशी होईल? पुढच्या प्रस्तावात विभागाने पहिल्या दिवसाची अनुसूची याच प्रश्नाभोवती बांधली आहे. प्रस्ताव सप्टेंबरच्या तारखा घालून गेला आहे. मार्गदर्शकांच्या अर्ध्या दिवसाबद्दल विभागाचे एकमत अजून झालेले नाही.